कडी आधी बघा: असीरियाचे ब्राँझचे ताईत

असीरिया म्हणजे आजच्या उत्तर इराकमधलं प्राचीन राज्य. प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ऑनलाइन लिलावात 'असीरियन पाझुझू ताईत, ब्राँझ, इ.स.पू. ७ वं शतक' म्हणून जेमतेम चार सेंटिमीटरचं राक्षसाचं डोकं विकायला आहे. असे ताईत कशासाठी वापरत, ते कसे घडवत, खरं-खोटं कसं ओळखायचं, घरी ठेवलं तर काय सांभाळायचं, आणि तसंच एखादं स्वतः ओतून बघायचं असेल तर काय लागेल?

चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघा. चेहरा कोणालाही जमतो, फोटोत तोच उठून दिसतो, म्हणून बनावट करणारा सगळी मेहनत तिथंच घालतो. ताईताची खरी माहिती त्याच्या कडीत असते: ती कुठं बसवली आहे, तिचं भोक कोणत्या दिशेला जातं, आणि ती कुठं झिजली आहे.

समजा डोक्याच्या माथ्यावर कडी आहे आणि भोक डावीकडून उजवीकडे जातं. गळ्यातला दोरा छातीपाशी डावीकडून उजवीकडेच जातो, त्यामुळे असा ताईत सरळ लटकतो आणि चेहरा समोर राहतो. भोक पुढून मागे जात असेल, तर तोच ताईत दोऱ्यात थेट ओवल्यावर काटकोनात वळतो आणि चेहरा खांद्याकडे बघू लागतो. त्याला सरळ ठेवायला मधे दुसरी छोटी कडी लागते, नाहीतर तो गळ्यातला नसून खिळ्याला किंवा खुंटीला टांगायचा असतो. चेहरा समोर असणं ही हौसेची गोष्ट नव्हती. येणाऱ्या पिशाच्चाला तो दिसायला हवा, एवढंच त्याचं काम. आता झीज. वस्तू खाली ओढते आणि दोरा वर रेटतो, म्हणून अनेक वर्षं वापरलेल्या कडीची आतली कड वरच्या बाजूनं झिजते आणि भोक किंचित लांबट होतं. सगळीकडून सारखंच गोल, ड्रिलनं पाडल्यासारखं भोक दिसलं तर एकतर ताईत कधी वापरलाच नव्हता, किंवा मागच्या महिन्यात बनला.

पाझुझू कोण, हे कळल्याशिवाय पुढचं समजणार नाही. तो देव नव्हे. दुष्ट वारे म्हणजे 'लिलू' नावाची भुतं, आणि हा त्यांचा राजा, हन्बूचा मुलगा. इ.स.पू. ८ व्या शतकाच्या अखेरीपासून तो दिसू लागतो आणि असीरियाचं राज्य संपल्यावरही बाबिलोनियात, म्हणजे दक्षिण इराकमध्ये, बराच काळ टिकतो. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातली १५ सेंमी उंचीची ब्राँझची मूर्ती हा त्याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना. कुत्र्यासारखं चौकोनी थोबाड, जाड भुवयांखाली बाहेर आलेले गोल डोळे, उघडा जबडा, मोजता येतील अशा बरगड्या, पंखांच्या दोन जोड्या, पायांना शिकारी पक्ष्याच्या नख्या, मागे विंचवाची शेपटी. उजवा हात वर, डावा खाली. माथ्यावर जाड कडी आहे. एवढी वस्तू कोणी गळ्यात घालत नाही, म्हणजे ती घरात टांगायची. गळ्यात घालायची ती नुसती डोकी, साधारण २ ते ५ सेंमीची. ती ब्राँझची असत, दगडाची असत, काही भाजलेल्या मातीचीही सापडतात.

त्या मूर्तीच्या पाठीवर कीलाक्षरात, म्हणजे पाचरीच्या आकाराच्या खुणांच्या लिपीत, मजकूर आहे. पाझुझूच्या मंत्राचा आशय असा: मी पाझुझू, हन्बूचा मुलगा, दुष्ट लिलूंचा राजा, थरथरणाऱ्या डोंगरांवर मी चढलो, तिथं भेटलेले वारे पश्चिमेकडे निघाले होते, एकेकाचे पंख मी मोडले. इथं बोलतोय तो स्वतः राक्षसच. त्याला कोणी हाकलत नाही, त्याला कामाला लावलं आहे. गुंडाला राखणदार नेमावं तसा हा व्यवहार.

त्याचं मुख्य काम लमाश्तूला परतवणं. लमाश्तू ही अनू या आकाशदेवाची मुलगी. वाईट वागली म्हणून स्वर्गातून खाली ढकललेली. गरोदर बायका, बाळंतिणी आणि तान्ही मुलं ही तिची शिकार. ताप आणणं, गर्भ पाडणं, दूध पिणारं मूल उचलणं, हे सगळं तिच्या खात्यावर. सिंहाचं डोकं, गाढवाचे कान, पक्ष्याच्या नख्या. मराठी वाचकाला इथं लगेच सटवाई आठवते. मोह आवरा. बालमृत्यू सर्रास होते तिथं अशी कल्पना अनेक समाजांत स्वतंत्रपणे तयार झाली आहे, आणि सटवाई पाचवी-सहावीला येऊन नशीब लिहून जाते. लमाश्तू काही लिहीत नाही, नेते.

तिच्याविरुद्धची सगळ्यात बोलकी वस्तूही लूव्हरमध्येच आहे, एक ब्राँझची पाटी, १३.८ सेंमी उंच, ८.८ सेंमी रुंद. वरच्या कडेला दोन कड्या आहेत, आणि त्या दोन का, हे लक्षात घ्या: एका कडीवर टांगलेली पाटी गिरकी घेते, दोन कड्यांवरची घेत नाही. पुढची बाजू चार पट्ट्यांत विभागलेली आहे. सगळ्यात वर देवांची चिन्हं. दुसऱ्या पट्टीत प्राण्यांच्या डोक्यांची सात भुतं ओळीनं, हात उगारून. तिसऱ्यात रोगी पलंगावर निजलेला, त्याच्या डोक्याशी आणि पायाशी माशाचं कातडं पांघरलेले दोन 'अपकल्लू', म्हणजे प्राचीन ऋषी; बाजूला नुस्कू या अग्निदेवाचा दिवा; आणि मूठ उगारलेले राखणदार. चौथी पट्टी सगळ्यात मोठी. तिथं लमाश्तू गाढवावर गुडघा टेकून, गाढव होडीत, होडी नदीवर. तिच्या हातांत साप, छातीशी डुकराचं पिल्लू आणि कुत्र्याचं पिल्लू दूध पिताहेत. माणसाच्या लेकरांऐवजी ही घे, असा त्याचा अर्थ. समोर तिच्या वाटखर्चाचं सामान मांडलंय: फणी, चाती, कपड्याची पिन, पायात घालायच्या वहाणा, खायला मांस. मागून पाझुझू तिला हाकलतोय. पाटी उलटून बघितली की खरी गंमत कळते. अख्खी मागची बाजू म्हणजे पाझुझूची पाठ: पंख, शेपटी, नख्या. तो पाटीच्या मागे उभा राहून वरच्या कडेवरून डोकं काढून पुढं बघतोय, गडग्याआडून कोणी डोकवावं तसा.

अशी पाटी एकटी काम करत नसे. लमाश्तूवरचे मंत्र तीन मातीच्या पाट्यांच्या मालिकेत लिहिलेले मिळतात आणि विधी त्यांत पायरीनं सांगितला आहे. 'आशिपू', म्हणजे मंत्रविद्येचा जाणकार, लमाश्तूची मातीची बाहुली करतो, तिच्यासमोर प्रवासाची शिदोरी ठेवतो, तीन दिवस मंत्र चालतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहुली बाहेर नेऊन तिला सुऱ्यानं भोसकायचं, भिंतीच्या कोपऱ्यात पुरायचं, भोवती पिठाचं वर्तुळ काढायचं, आणि परतताना मागे वळून बघायचं नाही. ताईत हा या सगळ्यातला टिकून राहिलेला भाग, बाकी माती, पीठ, दोरा आणि शब्द होते. म्हणून संग्रहालयात काचेआड एकटा ताईत बघून 'हे लोक या तुकड्यावर विश्वास ठेवत' असं म्हणणं म्हणजे औषधाची रिकामी बाटली बघून वैद्यकावर बोलणं.

लमाश्तूच्या पाट्या बहुतेक दगडाच्या आहेत, ब्राँझच्या मोजक्या. आणि त्यांतल्या पुष्कळ पाट्यांवरचा मजकूर वाचताच येत नाही, कारण तो मजकूर नाहीच. अक्षरांसारख्या नुसत्या खुणा आहेत. कारागिराला वाचता येत नसेल, पण लिखाण हवंच म्हणून त्यानं पाचर मारल्यासारख्या रेघा ओढल्या. खरं-खोटं ठरवताना हे लक्षात ठेवा: निरर्थक कीलाक्षर एवढ्यावरून वस्तू बनावट ठरत नाही. उलट प्रसिद्ध मूर्तीवरचा मजकूर जसाच्या तसा, ओळी त्याच जागी तोडून आलेला दिसला तर जास्त संशय घ्या. तो पुस्तकातल्या फोटोवरून उतरवलेला असतो.

पाझुझूखेरीज संरक्षक दागिन्यांत आणखी काय येतं? 'फिब्युला', म्हणजे सेफ्टी पिनेच्या तत्त्वावरची, कोपरासारखी वाकलेली कपड्याची पिन. तिच्या कमानीवर कधीकधी पाझुझूचं डोकं असतं आणि पिन अडकते ते टोक माणसाच्या हाताच्या आकाराचं. राजांच्या गळ्यातली माळ वेगळ्या जातीची. ब्रिटिश म्युझियममधल्या अश्शूरनासिरपाल दुसरा या असीरियन राजाच्या शिळेवर त्याच्यासमोर देवांची चिन्हं कोरली आहेत आणि तशाच चिन्हांची माळ त्याच्या गळ्यात आहे: सिनची चंद्रकोर, इश्तारचा तारा, अदादची वीज. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरुद या असीरियन राजधानीच्या राजवाड्यातली काही मूळ शिल्पं बघायला मिळतात. १९ व्या शतकात बसऱ्याहून लंडनला जाणारा माल मुंबईमार्गे जाई. दगडात दागिने किती बारकाईनं कोरत, याचा अंदाज पुस्तकापेक्षा तिथं उभं राहून चांगला येतो. सर्वसामान्यांच्या गळ्यात मात्र बहुधा मण्यांचा सर असे: कोणता दगड, कोणत्या रंगाच्या लोकरीत, किती गाठी मारून, कोणत्या आजाराला, याच्या याद्याच लिहिलेल्या आहेत.

घराच्या उंबरठ्याखाली पुरायच्या मूर्ती हा आणखी वेगळा प्रकार. निनवे या दुसऱ्या असीरियन राजधानीच्या राजवाड्यातले मातीचे पाच कुत्रे प्रसिद्ध आहेत. प्रत्येकाचा रंग वेगळा आणि अंगावर नाव लिहिलेलं. एकाचं नाव 'विचार करू नकोस, चाव!' असं आहे. हे कुत्रे कोणाला दिसायचे नव्हते, त्यामुळे त्यांना कडी नाही. कडी नसलेली वस्तू 'ताईत' म्हणून विकायला आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही टांगायची कुठं?

आता धातू. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. आपल्याकडचं काशाचं ताट म्हणजे जवळपास २२ टक्के कथील. ते वाजतं छान पण पडलं तर फुटतं. असीरियन ब्राँझ त्यापेक्षा पुष्कळ मऊ. ब्रिटिश उत्खननकर्ता लेयार्ड यानं निमरुदच्या वायव्य राजवाड्यात ब्राँझच्या वस्तूंनी भरलेली खोली शोधली. त्यातल्या नमुन्यांचं पृथक्करण १८५३ सालीच छापलं गेलं: वाडग्यात सुमारे १० टक्के कथील, छोट्या घंटेत सुमारे १४. हा फरक चुकून झालेला नाही. वाडगा ठोकून घडवायचा, म्हणून कथील कमी. घंटेला आवाज हवा, म्हणून जास्त. आवाजालाही संरक्षणात जागा होती. मंत्रांमध्ये तांब्याला 'अनूचा वीर' म्हटलं आहे, त्याच्या नादानं भुतं पळतात. बर्लिनच्या संग्रहात एक मोठी घंटा आहे, तिच्या अंगावर लमाश्तूच्या पाटीवरचे तेच मूठ उगारलेले, सिंहमुखी राखणदार आणि तेच माशाचं कातडं पांघरलेले ऋषी आहेत.

खरं-खोटं ओळखताना पहिली चाचणी भिंगाची, १० पट मोठं करणाऱ्या. जमिनीत अडीच हजार वर्षं पडलेल्या ब्राँझवर थर आतून बाहेर असे चढतात: धातूला लागून तांबडा क्यूप्राइट, त्यावर हिरवा मॅलेकाइट, दोन्ही तांब्याचे गंज. खवला उडालेल्या जागी खालून तांबडं दिसलं तर चांगली खूण. बनावटीत हिरवा रंग थेट पिवळ्या धातूवर बसलेला असतो, खाचांमध्ये साचलेला आणि उंचवट्यांवर विरळ, कारण तो ब्रशनं लावून पुसलेला असतो. कापसाच्या बोळ्याला ॲसिटोन लावून एका कोपऱ्यात फिरवला आणि बोळा हिरवा झाला, की विषय संपला. दुसरं, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी कानांवरून जाणारी बारीक शिवण. ती दोन भागांच्या साच्याची. असे ताईत मेण वितळवून ओतायच्या पद्धतीचे असतात, त्यांत शिवण येत नाही. तिसरं, तपशिलाच्या कडा. दुसऱ्या ताईतावरून साचा घेऊन ओतलेल्या प्रतीत भुवया, दात, दाढीच्या रेघा साबणासारख्या गुळगुळीत होतात आणि पृष्ठभागावर बारीक फुगे दिसतात.

क्ष-किरणांनी धातूची चाचणी स्वस्त झाली आहे, पण ती कशी वाचायची हे कळायला हवं. गंजलेल्या पृष्ठभागावर कथील प्रमाणापेक्षा जास्त दिसतं, कारण तांबं झिजून निघून गेलेलं असतं. आकडा हवा असेल तर स्वच्छ धातूचा ठिपका लागतो. २५-३० टक्के जस्त निघालं तर ते आजचं पितळ, शंका नको. दोन-तीन टक्के जस्त निघालं तर लगेच 'खोटं' म्हणू नका, त्या काळच्या काही वस्तूंत थोडं जस्त सापडतं.

पाझुझूच्या बनावटींचा पूर १९७३ साली आलेल्या, पाझुझू दाखवणाऱ्या 'द एक्झॉर्सिस्ट' या हॉलिवूड भयपटानंतर आला, त्यामुळे बाजारात खोट्याचं प्रमाण मोठं आहे. आणि खरा निघाला तर अडचण वाढते, कमी होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या २००३ सालच्या १४८३ क्रमांकाच्या ठरावानं ६ ऑगस्ट १९९० नंतर इराकमधून बेकायदा बाहेर नेलेल्या प्राचीन वस्तूंच्या व्यापारावर बंदी घातली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं होतं, २०१५ साली निमरुद सुरुंगांनी उडवलं गेलं. चार सेंटिमीटरची वस्तू खिशातून सीमा ओलांडते. १९९० पूर्वीचा छापील कॅटलॉग, जुनं बिल किंवा तारखेसह फोटो नसेल तर घेऊ नका. 'जुन्या युरोपीय संग्रहातून' हे तीन शब्द म्हणजे कागद नव्हे.

वस्तू आधीच घरात आली असेल, आजोबांच्या पेटीतून का असेना, तर सगळ्यात मोठा शत्रू पावसाळा. जमिनीतलं मीठ ब्राँझच्या आत क्लोराइडच्या रूपात बसलेलं असतं. हवा कोरडी असेपर्यंत ते गप्प असतं. सापेक्ष आर्द्रता ४२ ते ४६ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी आणि हवा घेऊन फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी बाहेर टाकतं, आणि त्या क्रियेत सुटणारं आम्ल पुढचा धातू खातं. याला ब्राँझचा रोग म्हणतात. मुंबईत किंवा कोकणात जुलैत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे उघड्या शोकेसमध्ये एका पावसाळ्यात नाकाच्या शेंड्याचा चुरा होऊ शकतो. ओळखायची खूण अशी: निरोगी हिरवा थर घट्ट आणि गुळगुळीत असतो, लाकडाच्या काडीनं खरवडला तर निघत नाही, रोगाचा ठिपका फिकट, सुट्टा, पावडरीचा.

उपाय सोपा आहे आणि म्हणूनच लोक करत नाहीत. हवाबंद झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, त्यात वस्तूच्या वजनाइतकी तरी कोरडी सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखवणारी पट्टी. पट्टी ३५ टक्क्यांच्या वर गेली की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून परत टाकायची. रंग बदलणारी निळी जेल कोबाल्टची असते, नारिंगी घ्या. कापूस, लोकर, प्लायवूड, पीव्हीसीची पिशवी यांपैकी काही जवळ नको. हात लावताना नायट्राइलचे मोजे घाला, घामातही मीठ आहे. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांनी चमकवायचा विचारही करू नका: हिरव्या थराबरोबर मूळ पृष्ठभाग, म्हणजे दातांच्या रेघा आणि अक्षरं, निघून जातात; ती धातूवर नसतात, त्या थरातच उरलेली असतात. भुकटी दिसलीच तर वस्तू डब्यात बंद करून संवर्धकाकडे, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे, न्या. बेंझोट्रायझोलचं अल्कोहोलातलं ३ टक्क्यांचं द्रावण हा त्याचा नेहमीचा इलाज आहे, पण ते रसायन घरी हाताळायचं नाही.

आता ओतकाम. स्वतः करून बघायचं असेल तर हा प्रकार नवशिक्याला बरा आहे, कारण वस्तू लहान आणि भरीव. चार सेंटिमीटरच्या डोक्याला मधमाशीचं मेण १८ ग्रॅमच्या आसपास लागतं, ओतायची नळी आणि हवेच्या वाटा धरून २५. मेणाला किती धातू, याचं गणित घनतेचं आहे. शुद्ध मेणाची घनता ०.९६, ब्राँझची ८.८, म्हणजे नऊपटीहून थोडं जास्त. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या १२ व्या शतकातल्या ग्रंथात तांब्या-पितळेसाठी आठपट सांगितलं आहे. राळ घातलेलं मेण जड असतं, त्याला ते जवळ जातं. निव्वळ मेणाला आठपट घेतलंत तर कान अपुरे राहतील. २५ ग्रॅमला २२५, वर १५ टक्के सांड-लवंड, म्हणजे सुमारे २६० ग्रॅम. त्यात तांबं २३४, कथील २६. शिसं घालू नका. ओतायला सोपं जातं खरं, पण कडी कमकुवत होते आणि धूर विषारी.

मेणाचं डोकं आधी ओबडधोबड घडवा, डोळ्यांच्या गोळ्या वेगळ्या करून चिकटवा, भुवया मेणाच्या दोऱ्यांनी लावा. जुन्या कामात हे जोड नीट बघितले तर दिसतात. कडीसाठी दोन मिमी जाडीची मेणाची दोरी कोरड्या गवताच्या काडीभोवती वळवा. काडी काढली की भोक तयार, डावीकडून उजवीकडे. ओतायची नळी मानेला लावायची, ८ ते १० मिमी जाड. साच्यात डोकं उलटं राहतं, मान वर आणि कडी सगळ्यात खाली, म्हणजे धातू आधी कडीत पोचतो. कडीपासून एक बारीक हवेची वाट वर काढा. ही वाट विसरली की हवा तिथंच अडकते आणि कडी अर्धवट येते. जवळपास प्रत्येक पहिल्या प्रयत्नात हेच होतं.

साच्याचा पहिला हात गाळलेल्या चिकणमातीत कोळशाची वस्त्रगाळ पूड कालवून, सायीइतका पातळ, ब्रशनं. असे तीन हात, प्रत्येक सावलीत पूर्ण सुकवून. उन्हात मेण मऊ पडतं आणि माती तडकते. त्यावर माती, शेण आणि बारीक कोंडा यांचा दीड सेंटिमीटरचा जाड थर. पाच-सहा दिवस सावलीत. मग नळीचं तोंड खाली करून मंद आचेवर मेण काढून घ्या, आणि साचा लालसर होईपर्यंत, ६०० ते ७०० अंशांना, तासभर भाजा. आत ओल राहिली तर ओतताना वाफ धातू उसळवते, तोंडावर येते. हा धोका पुस्तकी नाही. चामड्याचा एप्रन, चेहऱ्यावर ढाल, पायात बंद बूट, आणि जमिनीवर कोरडी वाळू. सिमेंटच्या फरशीवर धातू सांडला तर फरशी फुटून उडते.

मुशीत आधी तांबं, वर कोळशाची पूड. पुरतं वितळलं की कथील कागदात गुंडाळून चिमट्यानं खाली दाबून घालायचं. आधी घातलं तर जळून कमी होतं. कोरड्या ग्रॅफाइटच्या सळईनं ढवळा, मळी बाजूला सारा आणि ११०० ते ११५० अंशांना एका दमात ओता. मधे थांबलात तर डोक्यावर आडवी वळी पडते. साचा गरमच असावा, नाहीतर कडी भरायच्या आत धातू गोठतो. थंड झाल्यावर थोबाडाच्या मागच्या जाड भागात खड्डा दिसला तर तो आकसल्याचा: नळी बारीक होती, डोकं गोठेपर्यंत तिनं धातू पुरवला नाही. पुढच्या वेळी नळी जाड करा, आच वाढवू नका. पृष्ठभागावर टाचणीएवढी भोकं असतील तर साचा कमी भाजला होता किंवा धातू फार वेळ आचेवर राहिला.

शेवटी छिन्नीनं दात आणि दाढी उठवा, गोल कानसेनं कडीची आतली धार मोडा, नाहीतर दोरा काही आठवड्यांत कापला जातो. आणि मानेच्या खालच्या कापावर, जिथं नळी तोडली तिथं, चालू साल आणि स्वतःचं अक्षर ठोकून ठेवा, खोल, कानसेनं सहज जाणार नाही इतकं. तसं न करता दिलेला ताईत दोन हात फिरला की इ.स.पू. ७ व्या शतकातला होतो.